कापसाचा स्पर्श

दंडावर फिकट चट्टा उमटला, तेव्हापासून बायकोनं माझं ताट वेगळं ठेवलं होतं. शेवटी तीच मला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन आली. “डोळे मिटा, आजोबा. कापूस लागला की तिथं बोट ठेवा.” मार्केट यार्डात चाळीस वर्षं पोती वाहिली, दुखणं लपवायची सवय लागलेली. मी पापण्या किलकिल्या करून अचूक बोट ठेवलं. “अहो, बघताय की तुम्ही!” बायको ओरडली. “कॉपी चालणार नाही,” डॉक्टरबाई हसल्या. मग मलाच उत्सुकता वाटली. डोळे घट्ट मिटून वाट पाहिली. “लावा की कापूस.” “तीनदा लावला. चट्ट्यातली जाणीव गेलीय, म्हणजे कुष्ठरोग. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.” “मग ताट?” बायकोनं विचारलं. “एकत्र जेवा. गोळ्या मात्र चुकवू नका.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिनं चट्ट्यावर हात ठेवलाय, हे डोळे उघडल्यावरच कळलं.