दीड मिलिमीटर

सात स्प्रिंगा जागेवर बसल्या आणि आठवीची शिम काही सापडेना.

उस्तादांनी गॅरेजातल्या बाकावरचे सगळे डबे उपडे केले. नट निघाले, बोल्ट निघाले, मागच्या वर्षी हरवलेला पानाही निघाला. शिम नाही. बेकरीवाला संध्याकाळी पाचला व्हॅन न्यायला येणार होता आणि व्हॅनचं इंजिन उघडंबोडकं पडलं होतं.

काम तसं साधं, पण नखभर चूक खपत नाही. वॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटा घासून साफ केल्या की वॉल्व्ह जरासा वर सरकतो. स्प्रिंगला जागा जास्त मिळते आणि ती ढिली पडते. मग तिच्याखाली पोलादाची पातळ गोल चकती सारायची आणि उंची पुन्हा बरोबर करायची. तीच शिम. हाताखाली काम करणाऱ्या मेव्हण्यानं आठही स्प्रिंगांखाली किती जाड शिम लागेल ते मोजून वहीत लिहिलं होतं. उस्तादांनी वही घरी नेली तेव्हा त्या पानावर चहा सांडला होता, तरी शेवटचा आकडा स्पष्ट वाचता येत होता: दीड मिलिमीटर. एवढी जाड शिम गॅरेजात एकच होती, आणि नवी मागवली तर दोन दिवस लागणार होते.

"परवा इथेच होती. तूच कुठेतरी टाकलीस!" उस्ताद कडाडले.

"मी नाही, भावोजी. तुम्ही खिसे बघितलेत का?"

उस्तादांनी शर्टाचे खिसे बाहेर काढून दाखवले. शर्ट आजच घडी मोडून घातलेला. खिशात चष्म्याचं घर, बाकी ठणठण गोपाळ.

"बघ! आता काय तिला पाय फुटले? गबाळा तो गबाळाच. बायकोचा भाऊ म्हणून ठेवलाय, नाहीतर दारात उभा केला नसता!"

मेव्हणा एरवी हसण्यावारी नेणारा गडी. आज मात्र तो हसला नाही. त्यानं हात पुसले, फडकं नीट घडी करून ठेवलं. "ठीक आहे. मोठ्या वर्कशॉपवाले केव्हाचे बोलावतायत. जातो तिकडे," म्हणाला आणि खरंच गेला.

"जा, जा! माझं काही अडत नाही," उस्ताद त्याच्या पाठीवर ओरडले. मग मोजपट्टी हातात घेतली. चाळिशी उलटल्यापासून तिच्यावरच्या बारीक रेघा त्यांना एकात एक गेलेल्या दिसत. आकडे मेव्हणा वाचायचा आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायचा नाही. चष्मा लावला, काढला, मोजपट्टी उजेडात धरली. रेघा काही सुट्या होईनात. पण माघार घेतील तर ते उस्ताद कसले! ते जिना चढून वर घरी जेवायला गेले.

बायकोनं ताट वाढलं. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला शेजारी ठेवला. उस्तादांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तुझा भाऊ असा, तुझा भाऊ तसा, त्याला वस्तू सांभाळता येत नाही, एवढीशी चकती ठेवता येत नाही! आणि प्रत्येक वाक्याला टेबलावर एक बुक्की.

चौथ्या बुक्कीला उस्तादच थांबले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. एक थेंब सांडला नव्हता. हे टेबल गेली दोन वर्षं बोट लावलं तरी डुगडुगायचं. वहीवरचा चहा त्याचीच कृपा. उस्तादांनी दोन्ही हातांनी टेबल हलवून पाहिलं. टेबल ढिम्म.

"अगं, हे कधी झालं?"

"काल. दोन वर्षं नुसतं 'बघतो, बघतो' चाललंय तुमचं. काल शर्ट धुवायला घेतला तर खिशात दोन गोल चकत्या सापडल्या. पातळ घालून बघितली, हलतच होतं. मग जाड घातली. बसलं की नाही बरोब्बर?"

उस्ताद गुडघे टेकून टेबलाखाली वाकले. मागच्या डाव्या पायाखाली दीड मिलिमीटर पोलाद चकाकत होतं. कान लाल झाले, लाज वाटली आणि काही केल्या हसूही आवरेना.

वरून बायकोचा आवाज आला, "आता वाकलाच आहात, तर तसेच राहा आणि माझ्या भावाला फोन लावा."