कडुलिंबांची अंघोळ

लंकाबाई ओल्या फडक्यानं कडुलिंबाचं एकेक पान पुसत होती. शेजारच्या झाडाला शिडी लावून चढलेली भागिरथी वरून ओरडली, "अगं, पोटच्या लेकरांची तोंडं मी कधी एवढी पुसली न्हाईत!"

"तुझ्या लेकरांवर परवाना न्हाई अडलेला," लंकाबाई म्हणाली.

अडला होता तो सूर्यभानशेठच्या खडी क्रशरचा. खाणीभोवती झाडं लावा आणि जगवा, अशी सरकारी अट. झाडं जगली होती. पण धुळीनं अशी पांढरीफटक, की गेल्या साली आलेल्या साहेबांनी 'चुना दिलाय का?' असंच विचारलं होतं. यंदा पानं हिरवी दिसली नाहीत तर क्रशरला कुलूप आणि खडी भरणाऱ्या तीस बायका घरी. म्हणून शेठनं तीन दिवस मशीन बंद ठेवलं. टँकरचं सगळं पाणी झाडांना. बायकांची अंघोळ परवाना मिळाल्यावर.

चौथ्या दिवशी नगरहून जीप आली. साहेब नवे होते. पंचवीस कडुलिंब हळद उतरलेल्या नवरदेवासारखे तुकतुकीत उभे. साहेबांनी एक पान चोळलं, बोट बघितलं. दुसरं चोळलं. पुन्हा बोट बघितलं. शेठ गालातल्या गालात हसले.

"सूर्यभानराव, मशीन कधीपासून बंद आहे?"

"बंद?" शेठचं हसू जागच्या जागी वाळलं. "छे, छे! वरीसभर चालूच हाय की!"

"क्रशर चालू, आणि पानावर कणभर धूळ नाही? मला शिकवता? सहा महिने बंद पडलेल्या क्रशरचा परवाना रद्द होतो, ठाऊक आहे ना?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

शेठना घाम फुटला. तीन दिवस धुतलं, असं सांगावं तरी पंचाईत. लंकाबाईनं मात्र कमरेला खोचलेला पदर सोडला, साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि फाडकन झटकला. पांढरा लोट उठला. साहेब दिसेनासे झाले; आतून नुसतं खोकणं ऐकू येत होतं.

"मशीन बंद असतं, तर हे कुठून आलं, साहेब?"

मागं उभ्या एकोणतीस जणींनी आपापल्या पदराला हात घातला.

"बास, बास! पटलं!" साहेबांनी चष्मा पुसला, कागदावरची धूळ फुंकली आणि खुशीनं शेरा लिहिला : 'क्रशर चालू आहे. धूळ झाडांपर्यंत पोचत नाही.'