वेल्डिंगवाल्यांचा गूळ

"खोकला दाबू नको," लंकाबाई म्हणाली. "इथं काय सोयरे बसलेत? जाऊ दे साहेबाच्या कानावर."

राजनं तोंडावरचा रुमाल काढला. कामगार कोर्टाचा एवढासा जिना चढून त्याच्या ओठांचा रंग गेला होता. बायको दिशा एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून शेजारी उभी होती.

सातपूरच्या एका शेडमध्ये राजनं वर्षानुवर्षं जस्ताचा पत्रा जोडला. धूर बाहेर ओढणारा पंखा एकदा बंद पडला तो बंदच राहिला. तोंडाला बांधायला काय, तर घरून आणलेलं फडकं. आता डॉक्टर म्हणत होते, धुरानं फुप्फुसं खाल्ली, जड काम विसरा. भरपाई मिळाली तर औषधपाणी निभणार होतं. नाहीतर दिशाकडे विकायला आता काही उरलं नव्हतं.

आणि मालक शेखर म्हणत होता, हा माझ्याकडे वेल्डर नव्हताच. टेम्पोवर होता, माल पोचवायचा. पगार रोख, कागद एक नाही, म्हणून बोलायला जीभ मोकळी. राजच्या जोडीचे दोघं साक्षीला येणार होते. एकाचा फोन लागेना. दुसरा ऐन तारखेला मनमाडला वऱ्हाडात गेला. लंकाबाईचं म्हणणं, त्या शहाण्याला नवरदेवाचं नाव विचारा, सांगता यायचं नाही.

"आई, एवढी पिशवी कशाला आणली?" दिशानं विचारलं.

"असू दे. दोन लुगडी हायेत. तुला नाय त्याचं ओझं."

समोरच्या बाकावर शेखर बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यानं लंकाबाईकडे एकदा पाहिलं आणि मान फोनमध्ये घातली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठला आणि तिच्याजवळ थबकला.

"घरी बोलू," तो हळूच म्हणाला. "इथं तमाशा नको."

"घरी लय बोलून झालं. चहा पितोस आन विषय बदलतोस."

शेखर कानकोंडा होऊन जागेवर गेला. राजला ते बघवेना. मालकाशी उभा दावा मांडून सातपुरात कोण टिकलंय, असं त्याला वाटत होतं.

"आई, राहू द्या," तो म्हणाला. "माझ्यापायी तुमचे हाल होतील."

लंकाबाईनं डबा उघडून त्याच्या हातात भाकरी ठेवली. चिमणी तरी तुझ्यापेक्षा जास्त खाते, एवढं ऐकवलं.

पुकारा झाला. शेखरचे वकील या कामात नवे होते, आजच पहिल्यांदा उभे राहत होते. पण तयारी पक्की होती. हजेरीत नाव नाही, नेमणुकीचं पत्र नाही, मग धूर कुठला नि आजार कुठला, असं त्यांनी सफाईनं मांडलं. साहेबांनी राजच्या वकील पल्लवीला विचारलं, वेल्डिंग करताना याला पाहिलेलं कुणी आहे का. पल्लवीनं लंकाबाईला पुढे केलं.

"आजी, काय माहीत आहे ते आधी सांगा," साहेब म्हणाले. "मग शपथेवर लिहून घेऊ."

लंकाबाईनं पदर खांद्यावरून घेतला. शाळेचं तोंड तिनं फारसं पाहिलं नव्हतं, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिनं सांगितलं, त्या शेडमध्ये चहा सगळ्यांना मिळायचा, झाडूवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत. गूळ मात्र फक्त वेल्डिंगवाल्यांना. संध्याकाळी मशीन थांबलं की एकेक खडा. धूर घशात बसतो, गुळानं उतरतो म्हणतात. राजच्या हातावर तो खडा रोज पडायचा.

"टेम्पो चालवणाऱ्याला कुणी गूळ देतं का, साहेब?"

साहेबांनी पेन उचललं. वकील लगेच उठले.

"हे तुम्हाला पोरानं घरी येऊन सांगितलं असेल."

"कुणी सांगायला कशाला पायजे? वाटायची मीच."

"म्हणजे तुम्हीही तिथं कामाला होता?"

"कामाला नव्हते."

वकील हसले. शेखरनं त्यांची बाही ओढली, पण ते आता रंगात आले होते.

"साहेब, या साक्षीला काय किंमत द्यायची?" ते म्हणाले. "कामावर नव्हते म्हणतात, गूळ वाटायचे म्हणतात. आईचं काळीज आहे, आपण समजू शकतो. पण कुठली आई आपल्या पोराच्या विरुद्ध बोलेल?"

साहेबांनी लंकाबाईकडे पाहिलं. शेखरनं डोळे मिटले.

"राजची आई घोटीला असते, भातलावणीत गुंतलीये," लंकाबाई म्हणाली. "तुमची बाही धरून बसलाय ना वकीलसाहेब, तो माझा पोरगा."