बार्न्सलीची बोली

खाणकामगाराच्या पोराने, गॉर्डन हेपवर्थने, उत्तर इंग्लंडमधल्या बार्न्सलीची गावरान बोली जिभेवरून घासूनपुसून काढली, तेव्हा कुठे त्याला सिनेमात कामं मिळाली. वीस वर्षं तो पडद्यावर लॉर्ड म्हणून मिरवला. आता पहिल्यांदाच मुख्य भूमिका चालून आली, तीही खाणकामगाराची; आणि ती बोली काही केल्या तोंडात बसेना.

"आठवडाभर आईकडे राहतो. तिचं ऐकलं की आपोआप येईल," असं दिग्दर्शकाला सांगून त्याने गाव गाठलं.

दार उघडून आई अगदी राजवाड्यात बोलतात तशा घडीव इंग्रजीत म्हणाली, "ये गॉर्डन, आत ये. प्रवास सुखाचा झाला ना?"

"आई, हे काय बोलतेस तू?"



"तुझ्याच सिनेमांतून शिकले. चारचौघांत तुला माझी लाज वाटू नये म्हणून."