नॉर्मलचं माप

आकडा आला एकतीस. दहाच्या आत यायला हवा होता. काडीने, म्हणजे लॅबमधल्या हडकुळ्या पोऱ्याने, पडद्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

रक्तातलं इन्सुलिन मोजणारं ते यंत्र लॅबमध्ये कालच आलं होतं, आणि आज सकाळी फरशी पुसताना त्याचा धक्का लागून ते चांगलं वीतभर सरकलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. लॅब त्याच्या मावशीची. तिने कालच बजावलं होतं, "याला काही झालं तर तू आणि तुझा डबा, दोघंही बाहेर. भाचा-बिचा मी ओळखत नाही."

यंत्र नीट चालतंय का, हे बघायची मावशीची पद्धत सोपी होती. रोज पहिली नळी काडीच्या उपाशीपोटी काढलेल्या रक्ताची. "वय सव्वीस, फुंकर मारली तर उडेल. ह्याच्याइतकं नॉर्मल कोण असणार?" साखरेचं यंत्र चार वर्षं याच मापावर चाललं होतं. आजही त्याची साखर चोख आली. माणूस तोच, रक्त तेच. बिघडलं काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याने नळी पुन्हा लावली. एकतीस.

"किती आला रे?" आतून मावशी.

"दहा," काडी म्हणाला.

"बघ! तुझ्या हाडांचा एवढा तरी उपयोग."

मग काडीने भित्र्या माणसाचा हिशेब केला. एकतीसचे दहा, म्हणजे तीनने भागायचं. चार दिवसांत तेवीस रिपोर्ट असे भागून गेले. एका सडसडीत बस ड्रायव्हरने तर त्याचा हात धरला. "वाचवलंस, भावा. डॉक्टर उगाच घाबरवत होते." त्या दुपारी काडीने डबा उघडलाच नाही.

पाचव्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. त्याने कंपनीची सीलबंद बाटली उघडली. आत किती इन्सुलिन आहे ते वर छापलेलं होतं: पंचवीस. यंत्र घरघरलं. काडीने डोळे मिटून घेतले.

"पंचवीस," इंजिनिअर म्हणाला. "दुसऱ्यांदाही पंचवीस. जागचं हललंय, पण बिघाड काही नाही. पहिल्या दिवसापासूनचे आकडे खरे धरा, मॅडम. साखर चोख दिसते तेव्हाही इन्सुलिन वाढलेलं असतं, अगदी बारीक माणसातही; मधुमेहाची ती आधीची खूण."

"सुटले बाई!" मावशी हसली. "अरे, तुझं तोंड का उतरलं?"

काडीने इंजिनिअरची बाही घट्ट धरली.

"साहेब, परत एकदा बघा ना. बिघडलंच असेल हो."