कानाच्या पाळीवर

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

काउंटरवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता, बारा बाय पंधरा, नुकताच छापलेला. फोटो दुरुस्त करणाऱ्याने पाकिटावरचा नंबर पाहिला. नंबर बरोबर होता.

"तुमचेच यजमान," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात तुम्हीच ग्रुप फोटो दिला होतात. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरे."

"तिसरेच." बाईंनी फोटो हात लांब करून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला. "माणूस चांगला दिसतोय. पण आमचे नव्हेत."

त्याने डोळे चोळले. सकाळपासून एका शाळेची ओळखपत्रं चालली होती. दोनशे दहा तोंडं झाली होती आणि जवळजवळ तेवढीच उरली होती. डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात. त्याने डॉक्टरचे थेंब घातले होते, तेही संपत आले होते. दुकानाचा मालक त्याला 'लाँड्री' म्हणायचा. चेहरा मळका आला की लाँड्रीत टाकायचा, संध्याकाळी धुऊन इस्त्री होऊन परत. पुटकुळ्या, सुरकुत्या, घड्या, बुरशी. बावीस वर्षं तो काढतच आला होता. आताशा त्याला चेहरे दिसतच नसत, डाग तेवढे दिसत. कामाचा वीट आला होता. पण त्याच्या हातून गेलेला फोटो आजवर कुणी परत आणला नव्हता, आणि एवढ्या एका गोष्टीवर त्याचं चाललं होतं.

"मावशी, मूळ फोटोत तोंड नखाएवढं. त्यावर धूळ किती! तासभर बसून एकेक ठिपका काढलाय मी."

"त्यातच गेला असेल."

"काय गेलं?"

"ह्यांच्या कानावरचा रंग."

बाई स्टुलावर टेकल्या. भांडायला आलेल्या बाईसारख्या त्या दिसत नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या.

"छतं रंगवायचे हे. एकतीस वर्षं, मान वर करून. डोक्याला कागदाची टोपी असायची, पण कान बाहेरच. रोज संध्याकाळी मी तेलाचा बोळा घेऊन बसायचे. सगळं निघायचं, पाळीवरचा एक ठिपका काही निघायचा नाही. तर म्हणायचे, राहू दे गं, उद्या परत पडणारच आहे. मी रोज पुसला, तो रोज आला. तुम्ही एकदा पुसलात आणि गेलाच की हो."

त्याला आधी राग आला. मग लाज वाटली.

"दुसरा एखादा फोटो?"

"नाही. फोटो काढायचा म्हटलं की हे कामावर. हा एकच. तोही कामावरचाच."

आतून मालक ओरडला, "लाँड्री, शाळेच्या कार्डांचं काय?"

"होतंय," तो म्हणाला, आणि त्याने जुनी फाइल उघडली.

पडद्यावर चौदा कामगार नव्या इमारतीसमोर उभे राहिले. पांढरे ठिपके सगळीकडे सारखेच पसरले होते, कपाळांवर, भिंतीवर, आभाळात.

"ह्यातला तुमचा कुठला, हे कसं सांगणार?"

बाईंनी पिशवीतून चष्मासुद्धा काढला नाही. सरळ बोट टेकवलं. पडद्याला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे, पण आज त्याने बोटाखालचं बघायला मान पुढे केली.

"हा."

त्याने तो ठिपका मोठा केला, अजून मोठा केला. आजूबाजूचे ठिपके सपाट होते. हा खालून जरासा फुगीर होता, आणि त्याची इवलीशी सावली पाळीवर पडली होती. धुळीला सावली नसते. नवशिक्यालाही कळलं असतं, आणि हा बावीस वर्षांचा मुरलेला माणूस त्यावरून हात फिरवून मोकळा झाला होता.

तो बघतच राहिला. एकाच्या शर्टाची बटणं एक घर चुकली होती. एकाच्या अंगठ्याला चिंधी होती. तेरा जण कॅमेऱ्याकडे बघत होते. बाईंचे यजमान तेवढे मान किंचित वर करून उभे होते, जणू फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरचं छत अजून रंगवायचं राहिलं होतं. तासभर ह्या माणसाच्या तोंडाशी बसून त्याला हे दिसलं नव्हतं.

त्याने ठिपका परत आणला, सावलीसकट. इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडावर त्याने काही परत ठेवलं नव्हतं.

"डोळ्यांखालचं काळंही काढलंय मी," तो म्हणाला. "तेही परत आणू?"

बाईंनी पडद्याजवळ वाकून ते डोळे नीट पाहिले.

"नको. ते काढलंत ते बरं केलंत. झोप झाल्यासारखे दिसतात."

यंत्रातून नवा फोटो बाहेर आला. बाई तो घेऊन दाराशी, उजेडात गेल्या. बघता बघता त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि कानाच्या पाळीवरून फिरवला. एकदा, मग जोर लावून आणखी एकदा. ओला हात लावू नका, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

ठिपका निघाला नाही.

"बरं," बाई फोटोला म्हणाल्या. "राहू दिला."