नवा ग्राहक

क्रेग दर चार महिन्यांनी पगाराचं खातं नव्या बँकेत हलवायचा. नव्या ग्राहकाला बँका दीडशे-दोनशे पौंड बक्षीस देत, ते सगळे घरासाठी बाजूला पडत. दुकानात आज कोणतं कार्ड चालेल हे बेथनला कळेनासं झालं होतं. तरी ती सोसत होती. वसंतात बाळ येणार होतं आणि रेक्सममधल्या तिच्या आईच्या घरात त्या दोघांना मिळून एकच खोली होती.

आज गृहकर्जाचा निकाल होता.

"पगार ठीक आहे, बचतही छान आहे," बँकेतली बाई म्हणाली. "पण दोन वर्षांत सहा बँका? प्रत्येक नव्या खात्याची नोंद राहते, क्रेग. कुठेच न टिकणाऱ्याला पंचवीस वर्षांचं कर्ज आम्ही कसं देणार?"

"अहो, पण 'आमच्याकडे या' म्हणून जाहिराती तुम्ही बँकाच करता ना!"

"आमचा कर्ज विभाग वेगळा आहे."

बेथन ताडकन उठली. "घरासाठी पैसे जमवता जमवता घरच घालवलंस! आता पाळणा काय आईच्या बाथटबमध्ये ठेवू?"

ती बाहेर येऊन बसथांब्यावर डोळे पुसत उभी राहिली. एक बस गेली, दुसरीही गेली. क्रेगचा पत्ता नव्हता.

शेवटी तो आला. धावत, हसत.



"बेथ, या बँकेत आपलं खातं नव्हतंच की गं! दोनशे देताहेत!"